एकोणीस रकान्यांचा नवरदेव

पोहे संपले, चहाचे कप रिकामे झाले, पाहुण्यांनी भिंतीवरचं घड्याळ दोनदा पाहून घेतलं, आणि मग मुलीच्या वडलांनी, मंगरूळपीरच्या विनोद मास्तरांनी, तो प्रश्न विचारला, ज्यावर आजवर उत्कर्षची पाच लग्नं मोडली होती.

"पोरगा करते काय नेमकं?"

उत्कर्षचे वडील इंद्रभान एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी वाशीम-अकोला रस्त्याचा एकेक खड्डा चुकवला होता; पण हा खड्डा त्यांना एकदाही चुकवता आला नव्हता. मुलाच्या बायोडाटात त्यांनी ‘अमेरिकन फुटबॉलमध्ये विश्लेषण अधिकारी’ असं छापून घेतलं होतं. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, मग पोरगा अमेरिकेत काहून नाही? दुसऱ्यांनी विचारलं, सट्ट्याचं काम तर नाही न? तिसऱ्यांनी तो स्वतः किती गोल मारतो ते विचारलं. चौथ्यांनी ‘अधिकारी’ वाचून गाडीवर दिवा आहे का, हे अंगणात जाऊन पाहिलं. पाचव्यांनी काहीच विचारलं नाही आणि परत फोनही केला नाही. सगळ्यांत समजूतदार तेच निघाले.

उत्कर्ष तेहतीस वर्षांचा होता आणि वाशीमच्या घरात, मागच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होता. काम असं, की अमेरिकेतल्या सामन्यांच्या चित्रफिती पुढेमागे करून पाहायच्या आणि क्वार्टरबॅक म्हणवल्या जाणाऱ्या खेळाडूच्या प्रत्येक फेकीला गुण द्यायचे. नऊ वर्षांत त्याने दोन लाखांवर फेकी तोलल्या होत्या. स्वतः त्याने आयुष्यात चेंडू फेकला होता तो एकदा, सातवीत, आणि तो शाळेच्या कौलांवर गेला होता.

"सर, नाव फुटबॉल आहे, पन चेंडू हातात घेऊन पयतात," उत्कर्ष म्हणाला. "अकरा जनांत एक क्वार्टरबॅक. चेंडू पहिले त्याच्याच हातात येते. तीन सेकंदांत त्यानं ठरवाचं, कोनाकडे फेकाचा. अन् समोरून सव्वाशे किलोचे चार गडी त्याले आडवा कराले येऊन राह्यले असतात."

"म्हंजे घरातला कर्ता मानूस," मास्तर म्हणाले. "मंग जो जास्त जिंकते थो मोठा. त्यात मोजाचं काय?"

इथे उत्कर्ष खुर्चीच्या टोकाशी सरकला. त्याची आई कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला, कारण पोरगा खुर्चीच्या टोकाशी सरकला की समोरचा माणूस दाराकडे सरकतो, हे तिने पाच वेळा पाहिलं होतं.

"तसं नाही न सर. एक बारा नंबरवाला आहे. चाळीस सामने जिंकला. पन त्याच्या पुढं पाच जन भिंतीवानी उभे. त्याच्या जागी कोनीबी ठेवा, पस्तीस जिंकन. अन् एक सतरा नंबरवाला आहे. बावीसच जिंकला. पन त्याले काढून बाकावरचा साधारन गडी उतरवला, तं थो संघ चारबी जिंकत नाही. आता सांगा, मोठा कोन?"

विनोद मास्तर हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सतरा," ते हळूच म्हणाले. "म्हंजे मानूस केवढा आहे हे थो असल्यानं नाही कळत. नसल्यानं कळते."

उत्कर्षचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत ही गोष्ट कंपनीतल्या साहेबालाही कळली नव्हती.

मग मास्तरांनी कागद मागितला. मग लॅपटॉप मागितला. दोन तास दोघांनी मागच्या खोलीत बारा आणि सतरा नंबरवाल्यांची हाडं मोजली. बाहेर पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा चहा झाला, तिसऱ्यांदा झाला. इंद्रभान बायकोच्या कानाशी म्हणाले, "जमलं."

"पोरीचं नाव तरी निंगालं का अजून?" कस्तुराबाई म्हणाली.

पोरीचं नाव स्नेहा. मंगरूळपीरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती. पुढच्या रविवारी हे लोक तिला पाहायला गेले, तेव्हा रीतीप्रमाणे दोघांना दहा मिनिटं गच्चीवर सोडण्यात आलं. तिने विचारलं, "दिवसभर दुसऱ्याइले मार्क देता, कटाळा नाही येत?"

"येते. पन चुकीचा मार्क देल्ला तं झोप नाही येत."

ती हसली. उत्कर्षला ते हसणं आवडलं. किती आवडलं, हे त्याला आकड्यात मांडता आलं नाही, आणि खरं तर तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला.

"उत्कर्षराव, एक अडचन आहे. स्नेहासाठी आनखीन दोन स्थळं आहेत. पवन म्हनून एक तलाठी आहे मानोऱ्याकडचा. अन् बादल, पुन्यात कंपनीत. नातेवाईक ज्याले जे वाटते ते बोलून राह्यले. मले पद्धतशीर तुलना पाह्यजे. तुमी तिघाइचा तक्ता करून द्या."

"सर, पन त्या तिघांत मी एक आहो."

"म्हनूनच न. घरची मानसं उगाच वाद घालतात. तुमच्या आकड्यावर कोनी बोट ठेवनार नाही."

खरं तर या क्षणी कुठल्याही शहाण्या माणसाने फोन ठेवून देवाचे, आईबापाचे, जे असतील त्यांचे आभार मानले असते आणि स्वतःला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले असते. इंद्रभानांनी तेच सांगितलं. "अबे, पेपरबी तुहा, तपासनाराबी तू. अजून काय पाह्यजे तुले?"

"बाबा, हात झुकला तं मंग माह्या कामाची किंमत काय राह्यली?"

"तुह्या कामाची किंमत पाच पाहुने सांगून गेले बापू," कस्तुराबाई म्हणाली. "मास्तरले म्हन, आमच्यानं होत नाही. सोड ते."

पण जगात पहिल्यांदाच कुणीतरी उत्कर्षला त्याच्या कामासाठी विचारलं होतं. त्या रात्री त्याने एकोणीस रकाने आखले आणि सकाळी माहिती गोळा करायला मोटारसायकल काढली.

पवन तलाठ्याच्या गावी तो पोचला तेव्हा तलाठ्याच्या खोलीला कुलूप होतं आणि ओट्यावर चौतीस माणसं बसली होती. कुणाला सातबारा पाहिजे होता, कुणाला उत्पन्नाचा दाखला, एका म्हातारीला नवऱ्याच्या नावाऐवजी स्वतःचं नाव लावून पाहिजे होतं आणि त्यासाठी ती पाचव्यांदा आली होती. उत्कर्ष तीन तास बसला. तलाठी आला नाही. एकही माणूस उठला नाही.

"रोज असंच असते का आजी?" त्याने म्हातारीला विचारलं.

"थो आला तं काम होते बाप्पा. नाही आला तं काईच होत नाही. त्याच्यावाचून पान हालत नाही इथं."

उत्कर्षने वही काढली. त्याच्या पद्धतीत हा माणूस म्हणजे साक्षात सतरा नंबर होता. तो नसला की चौतीस माणसांचं आयुष्य थांबत होतं. असं मूल्य त्याने अमेरिकेतल्या एकाही क्वार्टरबॅकला दिलं नव्हतं. त्याचं स्वतःचं मन सांगत होतं की यात कुठंतरी घोळ आहे. पण मनाचा रकाना नव्हता. त्याने आकडा लिहिला.

बादलला त्याने फोन केला. बादलने आधी विचारलं, "कोनासाठी रेटिंग आहे हे? मले किती भेटून राह्यले सध्या?" मग त्याने स्वतःवर केलेलं बावीस पानी सादरीकरण पाठवलं, ज्यात सतराव्या पानावर आईविषयी माया हा गुण आलेखासकट दाखवला होता. उत्कर्षने आपल्या नोंदी पडताळायला त्याला परत पाठवल्या, तसा दुसऱ्या दिवशी बादलच्या आईचा कस्तुराबाईला फोन आला. "बाई, तुमच्या पोट्ट्यानं माह्या पोराची उंची कोनाले इचारून लिवली? पाच सात आहे थो, बूट धरून." कस्तुराबाईने तिला सांगितलं की आमच्याच पोराची उंची हल्ली कमी होऊन राह्यली, तुमचं कुठं पाहू.

मग शेवटची अडचण आली. पद्धतीला एक साधारण माणूस लागतो, ज्याच्याशी बाकीचे तोलायचे. अमेरिकेत बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंची सरासरी काढतात. वाशीम जिल्ह्यातल्या साधारण नवरदेवाची सरासरी कुठून आणायची? उत्कर्षने फार विचार केला. ज्याची सगळी माहिती हाताशी आहे, ज्याच्यात नाव घेण्यासारखं काही नाही आणि वगळण्यासारखंही काही नाही, असा एकच नवरदेव त्याच्या ओळखीचा होता. त्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

एकदा तसं लिहिल्यावर पुढचं गणित आपोआप सुटलं. स्वतःशीच तुलना केलेल्या माणसाचं मूल्य शून्य येतं.

ठरल्या दिवशी बापलेक मंगरूळपीरला गेले. मास्तरांच्या बैठकीत स्नेहाचे चार काका आणि दोन मामा रांगेने बसले होते. उत्कर्षने प्रत्येकाला एकेक प्रत दिली. कुणीतरी चष्मा शोधला, कुणीतरी दुसऱ्याचाच लावला.

"पवन एकाहत्तर," मोठे काका वाचू लागले. "बादल अडतीस. अन् हे खाली शून्य कोन आहे?"

"मी," उत्कर्ष म्हणाला.

इंद्रभानांनी कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही असेल तर.

"शून्य म्हंजे खराब नाही," उत्कर्ष समजावू लागला. "शून्य म्हंजे साधारन. मी नसलो, माह्या जागी दुसरा कोनी असला, तं स्नेहाच्या आयुष्यात फारसा फरक नाही पडनार. उलट पवनरावांचं पाहा. थे एक दिवस नसले तं अख्खं गाव थांबते."

"अबे, थांबते कारन थो येतच नाही," इंद्रभान म्हणाले.

"बाबा, कारनाचा रकाना नाही."

विनोद मास्तर उठले. त्यांनी उत्कर्षला मिठी मारली. "तीस वर्सं गनित शिकवलं," ते म्हणाले, "पन स्वतःले शून्य देनारा मानूस म्या पाह्यला नाही. असा इमानदार पोरगा जिल्ह्यात सापडनार नाही." आणि असं म्हणून त्यांनी मुलगी पवनला द्यायचं ठरवलं.

परत येऊन वाशीमच्या बसस्टँडवर उतरताना इंद्रभान म्हणाले, "मी तीस वर्सं गाडी चालवली. पन स्वतःच्याच अंगावर घालाची म्हनून कदी नाही चालवली."

लग्नाची पत्रिका आली. खाली, मामा-मावशींच्या नावांच्याही खाली, ‘विशेष मार्गदर्शन’ असं लिहून उत्कर्षचं नाव छापलं होतं. कस्तुराबाईने ती पत्रिका फ्रीजवर ठेवली आणि वर पापडाचा डबा ठेवला. पण उत्कर्ष लग्नाला गेला. न जाणं त्याला पद्धतशीर वाटेना.

मंगल कार्यालयात बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, जेवणाच्या पंगती बसल्या. नवरदेव दीड तास उशिरा आला होता आणि खरोखरच तोवर कुणाचंच काही हललं नव्हतं. उत्कर्ष पाकीट घेऊन स्टेजवर गेला. पवन फोनवर कुणाला तरी उद्या या म्हणून सांगत होता. स्नेहाने पाकीट घेतलं आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली,

"एक इचारू? एकोनीस रकाने पाह्यले म्या तुमचे. उंची होती, शेती होती, चष्म्याचा नंबर होता. मले कोन पसंत आहे, हे कुठं होतं?"

उत्कर्षला वाटलं, कार्यालयातले पंखे थांबले.

"सरांनी काई सांगतलं नाही तसं."

"म्या बाबाले पहिल्याच दिवशी तुमचं नाव सांगतलं होतं. बाबा म्हने, मलेबी थोच पसंत आहे, फक्त काकाइचं तोंड बंद कराले त्याचाच तक्ता मांगवून घेऊ. थो काई स्वतःले कमी थोडीच देईन." तिने पाकीट बाजूच्या बाईकडे दिलं. "म्या वाट पाहून राह्यली होती, की तुमी जरासं तरी खोटं बोलसान."

फोटोवाला म्हणाला, इकडं पाहा. तिघांनी तिकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षने तक्ता उघडला आणि विसावा रकाना घातला: मुलीची पसंती. सगळी बेरीज नव्याने केली. तो पहिला आला. तो शून्यावरच होता, पण पवन उणे चारवर गेला होता. त्याने आकडे तीनदा तपासले. कुठेही चूक नव्हती. चुकीचा तक्ता लोकांकडे राहू देणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं, म्हणून त्याने नवा तक्ता ‘दुरुस्ती’ असं लिहून विनोद मास्तरांना पाठवून दिला.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

"उत्कर्षराव, आता पद्धत बिनचूक झाली. आमच्या धाकट्या मुलीसाठी, संस्कृतीसाठी, चार स्थळं आली आहेत, त्यांना हीच लावू. आणि तुमचं नाव यादीत घेतलेलं नाही, काळजी नसावी. परीक्षक स्वतः उमेदवार असणं बरं दिसत नाही."