दळवीकाका ऐकून आहेत

दळवीकाका आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. कुकर शोधतात, स्वतःचा मोबाइल त्यात ठेवतात, माझाही मागून घेतात, झाकण घट्ट लावतात आणि बाहेर येऊन हळूच सांगतात, "उद्या पाणी येणार नाही."

एवढ्यासाठी कुकर! एकदा आत तूरडाळ भिजत घातली होती. काकांचा मोबाइल दोन दिवस तांदळात पुरून वाळवावा लागला.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले, एकटे. फोनवर कुणाचंही नाव घेत नाहीत. मी म्हणजे 'चारशे दोन', वॉचमन म्हणजे 'गेट'. इस्त्रीवाल्याला फोन करून विचारतात, "माल तयार आहे?" खरंच कुणी ऐकत असेल, तर पहिली धाड काकांवरच पडायची.

"हसू नकोस, वैशाली. ऐकणारा असतोच," हे त्यांचं पालुपद.

मी एका छोट्या वेबसाइटवर विनोदी सदर लिहिते. सरकार लोकांच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर सोडतं, अशी चर्चा चालू होती. मी लेख लिहिला : लोकांचे फोन ऐकणारा एक सरकारी कर्मचारी 'आज भाजी काय करू' ऐकून ऐकून इतका पकतो की बदलीचा अर्ज करतो. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे खो खो हसले. काका हसले नाहीत.

"त्याची ड्यूटी किती तासांची दाखवलीस?"

"आठ."

"बारा कर," म्हणाले आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात मी बाजारात गवार निवडत होते. फोनवर मेसेज आला. फोन बनवणाऱ्या कंपनीचा इशारा होता : सरकारी पाठबळ असलेले हॅकर तुमच्या फोनमध्ये घुसण्याचा प्रयत्न करत असावेत.

मी तीनदा वाचलं. माझ्या फोनमध्ये होतं काय? आईचे रिपोर्ट, नवऱ्याशी भांडणं. आणि चारच दिवसांपूर्वी, यावेळीही गर्भ टिकला नाही म्हणून मी ताईजवळ तासभर रडले होते. तेही कुणी ऐकलं?

"अगं, सगळ्यांनाच पाठवत असतील," नवरा फोनवर म्हणाला. मग संपादकांचा फोन आला. त्यांनाही तोच इशारा आला होता.

मी काकांची बेल दाबली. 'सांगितलं होतं ना' ऐकायची तयारी ठेवूनच. काकांनी इशारा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मोबाइल कुकरमध्ये ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"काका, कुणाचं रडणं असं चोरून ऐकून त्या माणसाला झोप तरी कशी लागते?"

"नाही लागत," काका म्हणाले. "मी ऐकायचो."

इतकी वर्षं समोरच्या दारात राहणारा माणूस!

"वरून ऑर्डर यायची. एका कामगार पुढाऱ्याची लाइन चार महिने माझ्याकडे होती. कट ऐकायला बसवलं होतं. ऐकू काय यायचं, तर त्याची बायको माहेरी सांगतेय, पोरीचा खोकला जात नाही. डॉक्टर बदलला, तरी नाही. मागे पोर खोकत असायची. आज ओला आहे, आज कोरडा, हे मला आवाजावरून कळायला लागलं. अडुळशाचा काढा द्या, एवढंच सांगायचं होतं. पण सांगणार कसा?"

मला राग यायला हवा होता. आलाही. तरी मी विचारलं, "मग?"

"मग एका सोमवारी ऑर्डर आली, लाइन सोडा. सोडली."

काकांनी माझा मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"पोर बरी झाली की नाही, ते कळलंच नाही गं," ते म्हणाले. "आता असेल तुझ्याएवढी."