बिल्ड होईपर्यंत

पवननं एका वाक्यातली शुद्धलेखनाची चूक सुधारली, प्रोग्राम चालवला, आणि लॅपटॉप अख्खा जावा प्रोजेक्ट पहिल्यापासून बांधायला, म्हणजे बिल्ड करायला, बसला. खरं तर जेवढं बदललं तेवढंच पुन्हा बिल्ड व्हायला हवं. इथे चहा येऊन गार व्हायचा तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच असायची.

"काहून घरघरते हे?" खाटेवरून पुनाराम जड जिभेनं विचारायचे.

"बिल्ड होऊन राह्यलं, बाबा."

पुनारामांनी सारी नोकरी बैहरच्या जंगलात जीप चालवण्यात काढली होती. निवृत्त होऊन बालाघाटला आले आणि लकव्यानं उजवा हात गेला. त्यांच्यासाठी पवन पुणं सोडून आला आणि खाटेशेजारी टेबल मांडून कंपनीचं काम करू लागला. साहेबांनी परवानगी दिली, पण काम मागं पडलं तर पुण्याला परत यावं लागेल, असंही बजावलं.

बिल्ड चालू असताना करण्यासारखं काही नसे. तेव्हा पवन वडिलांचा उजवा हात मांडीवर घेऊन डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे बोटं उघडमीट करत बसे.

काम मागं पडत चाललं. पवननं साठलेल्या जुन्या फायली पुसल्या, तर पुढचं बिल्ड आणखी लांबलं. अँटीव्हायरस बंद केला, तर कंपनीच्या सुरक्षावाल्यांनी त्यालाच संशयित ठरवून दुपारभर सिस्टिमबाहेर ठेवलं. शेवटी सगळं काढून नव्यानं टाकायला घेतलं आणि मधेच लाईट गेली. लाईट आली तेव्हा जुनंही चालेना आणि नवंही; दुसऱ्या दिवशी कसंबसं चालू झालं, पण हिरवी पट्टी तशीच रेंगाळायची. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. शुक्रवारपर्यंत काम नाही झालं तर सोमवारी पुण्यात हजर व्हा, एवढंच ते म्हणाले.

पवननं ऑफिसातल्या श्रुतिकाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तू हात लावत नाहीस तेव्हाही फायली बदलतायत का?"

त्यानं हात मागे घेऊन पाहिलं. फायलींवरची वेळ आपोआप बदलत होती. लॅपटॉपवर काही चालू केलंस का, असं त्यानं बायकोला विचारलं.

"मीच चालू केलं ना ते," रचना म्हणाली. "बाबांच्या रिपोर्टचे फोटो मोबाईलसंगं गेलते. म्हटलं, आता लॅपटॉपवरलं सगळंच वर इंटरनेटवर साठत राहू दे."

ते बॅकअप प्रोजेक्टच्या प्रत्येक फायलीला हात लावत होतं, आणि लॅपटॉपला वाटायचं, सगळंच बदललं. पवननं ते बंद केलं. बटण दाबलं, आणि बोट उचलेपर्यंत बिल्ड झालं.

काम शुक्रवारच्या आधीच पूर्ण झालं. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी आणखी दोघांचं काम त्याच्याकडे दिलं. पवनला मान वर करायला फुरसत उरली नाही.

महिन्यानं व्यायाम शिकवणारे डॉक्टर आले. त्यांनी पुनारामांची बोटं वाकवून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मागच्या वेळी मूठ वळू लागली होती, आता बोटं पुन्हा लाकडासारखी झाली होती. व्यायाम कधीपासून बंद आहे, असं त्यांनी विचारलं. रचनानं पवनच्या टेबलाकडे पाहिलं.

डॉक्टर गेल्यावर पुनारामांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून खाटेच्या काठावर, पवनच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात पवननं बटण दाबलं.

"झालं तुह्यं बिल्ड?"

"हौ बाबा. आता लगेच होते."

"खराबच झालं मंग," पुनाराम म्हणाले आणि हात उचलून परत छातीवर घेतला.

पवननं लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. मग त्यानं रचनाला हाक मारली.

"ते बॅकअप तू चालू केलतं ना," तो म्हणाला, "ते कुठून चालू होते?"