महादूआप्पाचं दुसरं ताट

महादूआप्पाबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. कुणी विषय काढलाच तर रश्श्याच्या बाटलीचा किस्सा सांगायचो. लोक हसायचे आणि पुढचं राहून जायचं.

बाटलीचा किस्सा खराच आहे. भांड्यांच्या दुकानात जाताना आप्पाच्या पिशवीत ताणकाटा आणि तांबड्या रश्श्याची बाटली असायची. ताट फडक्यात बांधून तो काट्याला टांगायचा. वजन पसंत पडलं की दुकानदाराच्या देखत त्यावर रस्सा ओतून डाग राहतो का बघत बसायचा.

"आप्पा, विकायचं हाय ते!" शेठ कळवळायचा.

"मग इकायच्या आधी परीक्षा नगं? ह्ये बघ, डाग पडला. नापास!"

डाग नाही पडला, तर ताट कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. तिथूनही तगलं, की उजेडात धरून म्हणायचा, "हलकं हाय, पर तोंडवळा न्हाय. ह्यात जेवलं तर तुरुंगात बसल्यागत वाटंल."

हा सगळा खटाटोप गाडीसाठी. उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधण्यात आप्पाचं आयुष्य गेलं. नव्वदच्या दशकात त्यानं एक जुनी मॅटाडोर घेऊन तिच्यात घर बांधलं. घडीचा पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. अडलं ते ताटांपाशी. स्टीलची घाटात "सवतींगत भांडत्यात", चिनी मातीची वळणावर फुटायची, प्लॅस्टिकची हळदीनं पिवळी व्हायची. अखेर मेलामाइनची सापडली, काठाला गुलाबी फुलं असलेली. शेठ म्हणाला, सहाचा सेट आहे.

"फोड त्यो सेट. आमी दोगंच जेवतो."

आमी दोगं! मी त्याचा शेजारी, तिथंच उभा होतो. कोर्टात बेलिफ म्हणून नोकरी केलेला माणूस मी. जप्तीसाठी लोकांच्या घरात लपवलेल्या वस्तू हुडकण्याचाच पगार खाल्ला. आप्पाची बायको कधीच वारलेली. एकुलती मुलगी, सुनंदा, कागलला दिलेली. मग दुसरं ताट कुणाचं?

मी पाळत ठेवली. गाडी महिन्यातून एकदा पहाटे निघायची, दुसऱ्या दिवशी परतायची. कुठं गेला होता विचारलं की, "हवा खायाला." एकदा मी खिडकीतून डोकावलो. पलंगावर जुनेराची घडी आणि पोलक्याचं नवं कापड. झालं. माझ्यापुरता निकाल लागला.

"तुमच्या का पोटात दुखतंय?" बायको म्हणाली. "हिंडतोय तर हिंडू दे की म्हातारा."

सुनंदा माहेरी आली तेव्हा मी तिला बोळातच गाठलं. "पोरी, वडलांना एकदा विचार, दुसरं ताट कुणाचं ते."

तिनं विचारलं, तेही भर दारात, अख्ख्या गल्लीदेखत. आप्पा नळावर तीच ताटं घासत होता.

"कोण हाय ती बाई? ह्या वयात ह्ये चाळं?"

तो घासतच राहिला.

"बोला की, बाबा!"

"न्हाय सांगायचं."

सुनंदा चहासुद्धा न घेता स्टँडवर गेली, ती पुन्हा माहेरी आली नाही. गल्लीनं माझी पाठ थोपटली.

त्याच वर्षी हिवाळ्यात मी नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो. देवळापासून लांब, उसाच्या कडेला मॅटाडोर दिसली. सवयीनं मी दबकत गेलो. चटईवर आप्पा आणि पिकल्या केसांची एक बाई जेवत होती. तिच्या हातांना बोटं जवळजवळ नव्हतीच. दोन्ही मनगटांत ताट धरून ती काठावरची फुलं न्याहाळत होती.

"पेलतंय न्हवं?" आप्पा विचारत होता.

"पेलतंय. आन् देखणं बी हाय रे."

मग त्यानं मला पाहिलं. चिडला नाही. "या बेलिफसाब. ही माझी थोरली भण, आक्का."

आक्काला तरुणपणी महारोग झाला होता. रोग बरा झाला, बोटं गेली, आणि ती आश्रमातच राहिली. सुनंदाची सोयरीक मोडू नये म्हणून आक्का वारली असं सगळ्यांना सांगितलं होतं. सुनंदालाही तेच ठाऊक होतं.

"हिला घरी न्हेता येत न्हाय, लॉजवालं आत घेत न्हाईत," आप्पा म्हणाला. "म्हणून घरच हिच्याकडं आणतो. सुनंदाला बोलू नगासा. तिच्या सासरी कळंल."

मग त्यानं आपलं ताट धुऊन पुसलं, त्यात भाकरी-आमटी वाढली आणि माझ्यापुढं ठेवलं. स्वतः डब्याच्या झाकणात घेतलं.

"बसा की," आक्का म्हणाली. "आमच्या घरला पयल्यांदाच पावणं आलंय."

"आज माझा उपवास आहे," मी म्हणालो आणि निघालो. मागं वळून पाहिलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं आप्पा शेजारीच राहिला. त्यानं शब्द घेतलाय, म्हणून सुनंदाला काही सांगता येत नाही, असं मी स्वतःला समजावत राहिलो. त्याच्याशी बोलायला तर काहीच आड येत नव्हतं. त्याच्या दारात जायचो. तो विचारायचा, "काय बेलिफसाब?" मी म्हणायचो, "काही नाही. गाडी कधी निघणार?"

आधी आक्का गेली, मग आप्पा. सुनंदा आता स्वतः सासू झाली आहे. तिच्यापासून लपवावं असं काही उरलेलं नाही. हे लिहिलेलं मी तिला नेऊन देणार आहे.

आप्पाला सांगायचं होतं ते दारात उभं राहूनही सांगता आलं असतं. एवढंच होतं: आप्पा, त्या दिवशी माझा उपवास नव्हता.