तायडेभाऊंची रांग

तायडेभाऊंना रांग दिसली की ती मोडल्याशिवाय राहवत नाही. स्वतः पुढे घुसायला नव्हे, लोकांना नव्याने लावायला. कॅन्टीनमध्ये एकच चहा घेणाऱ्याला ते बारा समोसे घेणाऱ्याच्या पुढे ढकलतात. एकदा अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी बाळापूरच्या गाडीची रांग 'लेकराची माय आधी, रिकामटेकडे मागं' अशी लावली, तेव्हा एका रिकामटेकड्याने त्यांची कॉलर धरली. कॉलर मुठीत असतानाही हे ओरडत होते, "थे सोड बे, घाई कोनाले हाय थे सांग!"

असा माणूस आमच्या अमरावतीच्या कॉलेजात नेटवर्क सांभाळतो. मी तिथेच तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास झाला तर पैसे, नाहीतर राम राम. इंटरनेटची लाइन एकच आणि तिच्यावर होस्टेलसकट अख्खं कॉलेज तुटून पडलेलं. त्यामुळे कोणाचा डेटा आधी सोडायचा, हे भाऊ ठरवतात. पहिला मान आवाजाचा, म्हणजे नुसत्या बोलण्याच्या कॉलचा. "आवाज अटकला की मानूस हॅलो हॅलो करत बोंबलते," हे ते स्वतः बोंबलत सांगतात. "व्हिडिओ दोन घडी थांबला त कोनी मरत नाई. थांबा!" पोरांचे पिक्चर सगळ्यात शेवटी. प्राचार्य क्रिकेट पाहतात, तेही शेवटी. प्राचार्यांनी आवाज चढवला तर हे त्याहून चढवतात.

इथवर मला कौतुकच होतं. पण परवा माझी मुलाखत होती. अकोल्याच्या एका कॉलेजात कायमची जागा, मुलाखत ऑनलाइन, संध्याकाळी पाचला. ज्याने अर्धं आयुष्य तासांवर काढलं त्यालाच 'कायम' या शब्दाची किंमत ठाऊक. मी कॉलेजातल्याच एका खोलीत टाय लावून बसलो, आणि पहिल्याच प्रश्नाला पडद्यावर माझा चेहरा गोठला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. समितीतल्या बाईंनी विचारलं, "सर, शिंक येतेय का?" मग म्हणाल्या, साडेपाचला परत जोडा.

माझं डोकंच फिरलं. तरातरा भाऊंच्या खोलीत गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळ्या रांगा दिसतात. आवाजाच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे, एक व्हिडिओ आरामात चालला होता. नाव, तायडे!

"वा रे वा!" मी ओरडलो. "जगाला थांबा, अन् घरच्यांना पायघड्या!"

भाऊंनी वळूनही पाहिलं नाही.  त्यांचे दोन्ही हात हवेत चालले होते. समोरच्या मोबाइलवर पांढऱ्या केसांची एक बाई तशीच हातांनी बोलत होती.

"माही बहीन," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "अचलपूरले एकटीच रायते. जलमापासून आयकू येत नाई, बोलता येत नाई. दिवसभर तिच्यासंगं बोलनारं कोनी नाई. रोज पाच ते सहा, मी. हात मधातच अटकला त शब्दच बदलते, सर. मंग रडते."

"मग सांगायचं ना कोणाला तरी!"

"कोनत्या तोंडानं सांगू? समद्यायचे व्हिडिओ मागं, अन् माह्या घरचा पुढं? पन हा व्हिडिओ नाई, सर. हे बोलनं हाय."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "या रांगेत जागा बारीक. दोन व्हिडिओ मावत नाईत. तुमचा नोकरीचा सवाल हाय. तुमीच बसा." बहिणीला हातांनी काहीतरी सांगितलं आणि बटण दाबून तिचा व्हिडिओ मागच्या रांगेत टाकला.

लगेच तिचा हात छातीपाशी अडकला. मग एकदम कानाशी दिसला, आणि तिथेही अडकला. ती काहीतरी विचारत होती. भाऊ 'परत सांग, परत सांग' अशी खूण करत राहिले.

मला असा संताप आला! भाऊंवर, माझ्या त्या टायवर, दोन माणसांचं बोलणं मावू नये इतकी फाटकी लाइन घेणाऱ्या कॉलेजवर.

"ठेवा तिले परत तिथंच!" मी खेकसलो.

"अन् तुमची मुलाखत?"

"मले बोलता येते ना!"

साडेपाचला मी कॅमेरा बंद ठेवून बसलो. बाई सारख्या म्हणत होत्या, चेहरा दाखवा, चेहरा दाखवा. शेवटी मी म्हटलं, "मॅडम, आवाज येतो ना? मग विचारा."