एंजेलामावशींची कोंबडी

शॅरनच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि तिचा बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या संगणकातून बाहेर यायला तयार नव्हता. दोनदा चहा झाला, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच.

"मशीन कमी पडतंय, पाळकसाहेब. अजून मोठं लागंल," जोशुआ म्हणाला. नोंदी शोधायचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता, तेव्हा मंडळीने सुगीच्या सणाला आलेले भोपळे, ज्वारी आणि एंजेलामावशींची तांबडी कोंबडी लिलावात विकून हे मशीन आणलं होतं.

"बरं, यंदा पुन्हा लिलाव करू," पाळकसाहेब बिचारे लगेच तयार झाले.

चर्चची झाडलोट करणाऱ्या एंजेलामावशींनी केरसुणी ठेवली, कपाटातून बाप्तिस्म्याच्या नोंदींचं एक जुनं पुस्तक काढलं आणि दोन पानं उलटून बोट ठेवलं. "ही बघा शॅरन."

पाळकसाहेब ते पुस्तक घेऊन हाताने दाखला लिहायला आत गेले.

"एवढ्यात कसं घावलं?" जोशुआने विचारलं.

"पोरीच्या सालाचं पुस्तक काढलं. तू कुठून बघतो?"

"पहिल्या नावापासून."

"गोऱ्या पाद्रीसाहेबांच्या काळापासून? दर येळंला?"

"व्हय."

"आरं, मेलेल्यांना कशापायी उठवतो?"

जोशुआचे कान तापले. त्याने तिथेच बसून प्रोग्राम थेट सालावर जाईल असा केला. अडगळीतल्या जुन्या मशीनवर लावून पाहिला, तर नाव टाकताच नोंद हजर. त्याला रडावं की पळावं कळेना.

मोठ्या मशीनवरही आता नोंदी झटपट निघू लागल्या, म्हणून रविवारी पाळकसाहेबांनी त्या मशीनची तोंड भरून स्तुती केली. "कोपरगावची मंडळीसुद्धा असंच मशीन घेणार आहे. त्यांचाही लिलाव ठरलाय!" टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूने मावशी जोशुआकडे एकटक बघत होत्या.

तो उठला. "घेऊ नका. जुनंच पुरलं असतं. माझंच काम कच्चं हुतं." एवढं बोलताना त्याची मान जी खाली गेली, ती वर येईना.

"मंग माझी कोंबडी?" मावशींनी विचारलं.

पुढच्या रविवारी जोशुआ बगलेत कोंबडी धरून फाटकात उभा राहिला. येणारा जाणारा थांबून बघत होता. मावशींनी ती हातात घेऊन तोलली.

"माझी मोठी हुती."

"मावशी, याच्यापेक्षा मोठी आनतो की!" जोशुआ घाईने म्हणाला.

"नको रं बाबा," मावशी म्हणाल्या, "तुझं मोठं लई झालं. हिलाच नीट दानं घालते."