नरसिंगचा रविवारचा रस्सा

रविवारी संध्याकाळी नरसिंगच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर मटणाचं पातेलं चढलं, की भिंतीपलीकडून रेवणप्पाचा आवाज ठरलेला.

"नरसिंगा, आज कुणाचा जीव घेतलास रे?"

"बोकडाचा, आप्पा. तुमी तिकडं मेथीचा घ्या."

"मेथी मिळाली असती तर सोडली असती व्हय?"

लातूरचा जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुना, चांगला मुरलेला. कलेक्टर आले, पाट्या आल्या, लाल दिव्याची गाडी आली. पावसाला तेवढा नवा पत्ता कुणी कळवला नव्हता. गळक्या टँकरमागे चिमण्या औशापर्यंत उडत जायच्या. बायका रडायच्या त्यासुद्धा कोरड्या.

नरसिंग आणि रेवणप्पा एकाच डाळमिलमध्ये होते. नरसिंग हमाल, रेवणप्पा काट्यावर. रेवणप्पाच्या घरात सात पिढ्यांत अंड्याचं टरफलही आलं नव्हतं. त्यामुळे दोघांचा वाद एकच, आणि तो पोत्यांबरोबर रोज उचलला जायचा.

"बैल काय खातो?" रेवणप्पा विचारायचा. "चारा! अन् ताकद बग त्याची."

"यंदा काय खायलाय?"

रेवणप्पा काट्याची वजनं पुसायला घ्यायचा. यंदा बैल काहीच खात नव्हता.

"मग वाघ बगा की," नरसिंग छाती काढायचा.

"वाघाला कदी पोती उचलायला लावलास व्हय?"

अशात नव्या जिल्ह्याचं नवं आरोग्य शिबिर मिलच्याच आवारात भरलं, कारण सरकारी वजनकाटा अजून यायचा होता. डॉक्टर तरुण आणि उत्साही होते. "मांसाहाराने चरबी साचते, हृदयावर ताण येतो," ते म्हणाले. "डाळी-पालेभाज्या खाणारा निरोगी राहतो. उलट मांसाहाऱ्याच्या अंगात रक्त जास्त, असंही काहीजण म्हणतात. आज आपण समोरासमोरच बघू. कोण येतंय?"

रेवणप्पाला लोकांनी ढकललं. नरसिंग आपणहून उठला. वर्षानुवर्षांचा वाद सरकारी माणसासमोर मिटणार म्हणून त्याला चेव चढला. दंड थोपटून तो ओरडला, "हरलो तर पातेलं पालथं! जन्मात मटणाला शिवणार न्हाई, आईची शपत!"

बायकांत बसलेली त्याची बायको धुरपताबाई ताडकन उभी राहिली. "अवो, शपत घेऊ नका! पाया पडते!"

"गप बैस. माज्या रश्श्यावर तुजा भरोसा न्हाई?"

"तुमच्यावर हाय, रश्श्यावर न्हाई," ती पदरात पुटपुटली.

पुढचं फार भराभर झालं. काट्यावर रेवणप्पा नरसिंगपेक्षा भारी भरला. डॉक्टरांनी नरसिंगची पापणी खाली ओढली. आतून खडूसारखी पांढरी. शेवटी तुरीचं पोतं आलं, मिलमध्ये दोन हमाल मिळून उचलायचे तसलं. नरसिंगने ते गुडघ्यापर्यंत उचललं आणि त्याला मिठी मारून खालीच बसला. रेवणप्पाने खांद्यावर घेतलं, आणि टाळ्या ऐकण्याच्या नादात हार घालेपर्यंत उतरवायचंच विसरला.

"पाहा, मांसाहाराचे परिणाम!" डॉक्टर आनंदाने म्हणाले. नरसिंगला दिवसभर तिथंच बसवून ठेवलं. लोक रांगेने यायचे, त्याची पापणी खाली ओढायचे आणि हळहळत पुढं जायचे.

घरी येऊन त्याने स्वतःच्या हाताने पातेलं पालथं घातलं आणि त्याच्यासमोर मयताला बसल्यासारखा बसला.

"धुरपता," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एकदाच. शेवटचं. शपत उद्यापासून धरू."

"अवो, कुठलं शेवटचं? दिवाळीपासून मटण हायच कुठं?"

"म्हंजी?"

"खाटीक पोट भरायला हैद्राबादला गेला. बोकडं संपली. तुमी तोंड पाडून बसाल म्हणून डाळी-दाणे भाजून येसर दळलं, कांदा जाळला, वाळल्या वांग्याच्या फोडी टाकल्या."

"अन् नळी? नळी तर असायची!"

"नळी एकच हाय, गल्लीची. सोमवारी सुमनबाईकडं, बुधवारी किशनच्या घरी, ऐतवारी आपल्याकडं. म्हणूनच म्हणते ना, चोखू नका, दात हलत्यात."

"बोकड दुष्काळातलं हाय, शिजता शिजता विरघळलं, म्हणायचीस!"

"तुमी मानायचात."

नरसिंगने डोक्याला हात लावला. जे खाल्लंच नव्हतं त्याच्यामुळे तो हरला होता, आणि जे मिळतच नव्हतं ते सोडून बसला होता. मटणावर फुकटचा आळ आला होता. डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगावं, तर गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना आपापल्या घरचा रस्सा कसला ते कळलं असतं. किशन तर अजून मिशांना पीळ देऊन ढेकर द्यायचा. नरसिंग कुणाला काही बोलला नाही. त्या आठवड्यात त्याचं अंग आणखी उतरलं.

पुढच्या रविवारी परसातली चूल थंड राहिली. दिवेलागणीला भिंतीवर रेवणप्पाचं डोकं आलं. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, चूल पेटली न्हाई?"

"शपत हाय ना, आप्पा. तुमच्याच पायी."

रेवणप्पाने मागं बघितलं, आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका. आमच्यात रोज बिनतेलाचं पिठलं. पर ऐतवारी तुमच्या रश्श्याचा वास आला की चार भाकरी उतरत्यात बगा. त्याच्यावरच आठवडा रेटून राहिलो. आज अर्दी बी उतरना."

"मग नका खाऊ," नरसिंग आतून खेकसला.

"असं नको करू, नरसिंगा! डॉक्टर मला शाकाहाराचा नमुना म्हणून गावोगाव न्यायलाय. उद्या औशाला पोतं उचलायचंय. तिथं पडलो तर इज्जत जाईल रे माझी!"

नरसिंग उठून पालथ्या पातेल्यापाशी गेला. मग त्याने ते सुलटं केलं.

"धुरपता, येसर काढ."

"अन् शपत?"

"शपत मटणाची हाय. वांग्याची न्हाई. नळी बी टाक. मी चोखत न्हाई, दात हलत्यात."

रस्सा उकळला. भिंतीपलीकडे जिल्ह्याच्या शाकाहाराने लांब श्वास घेतला आणि चौथी भाकरी मोडली. अलीकडे नरसिंगने पहिला घास घेतला. आज पहिल्यांदाच त्याला वांगं वांग्यासारखं लागलं.