चंद्राचं चुंबक

पापडी गावातले आमचे इनास मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून होकायंत्र काढत, खुर्ची उत्तरेकडे फिरवत आणि मगच टेकत. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला पाटासकट फिरवलं होतं. मुलीकडचे घाबरले, तर म्हणाले, "शास्त्र आहे हे!"

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ते भूगोल, मी मराठी. पृथ्वीच्या पोटात चुंबक आहे, इथं पुस्तक थांबायचं. मास्तर थांबत नसत. "पृथ्वीला आहे, मग चंद्राला का नसेल? पोर आईवरच जाणार! शास्त्र आहे हे!"

मास्तर रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत पेपरात बातमी आली. रशियाचं यान चंद्रावर जाऊन आदळलं होतं आणि चंद्राला चुंबकत्व काही सापडलं नव्हतं.

मास्तर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या सकाळी माझ्या दारात उभे.

"सायकल काढ. इतक्या पोरांना खोटं शिकवलंय, सांगून यायला हवं."

त्यांना कॅरियरवर बसवून मी निघालो. माणिकपूरचा शिंपी माप घेता घेता म्हणाला, "कसला चंद्र, मास्तर?" एका केळीवाल्याला वाटलं, बहिणीसाठी स्थळ आणलंय, त्यानं चहा ठेवला. धडा कुणालाच आठवत नव्हता. मला हसू आवरेना. मास्तरांचा चेहरा मात्र घरागणिक उतरत गेला.

शेवटी म्हणाले, "आता अर्नाळ्याला. बस्त्यावकडे."

"मास्तर, बस्त्याव वादळात होडीबरोबर गेला ना?"

"माहीत आहे. त्या एकट्यानं विचारलं होतं, चंद्रावर होकायंत्र नेऊन पाहिलंय का कुणी? मी त्याला तासभर बाकावर उभं केलं."

बस्त्यावची म्हातारी आई बोंबील वाळत घालत होती. मास्तरांनी टोपी काढली.

"बाई, तुमचा बस्त्याव बरोबर होता. मी चुकलो. माफी मागायला आलोय."

तिला काय कळलं, कुणास ठाऊक. तिनं हात पदराला पुसले.

"त्याचं नाव कोनी काढून लय वरसं झाली, मास्तर. बसा. शाळंत कसा व्हता तो, सांगा."

मास्तर वाळूतच बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागले. ते जरा थांबले की म्हातारी पुढं सरकून विचारायची, "मंग? मंग तो काय बोल्ला?"